ऐंशी डाल्टनची पारख

काचपट्टीवर वाढवलेल्या हेला पेशींवर टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन घालायचं, अर्ध्या तासाने पेशी स्थिर करायच्या आणि एनएफ-कप्पा-बी या संदेशवाहकाचा पी६५ हा घटक ओळखणाऱ्या चमकत्या अँटीबॉडीने रंगवायच्या. टीएनएफ न मिळालेल्या पेशींत हिरवा रंग पेशीद्रवात पसरलेला दिसतो आणि मधोमध केंद्रकाची काळी पोकळी. टीएनएफ मिळालेल्या पेशींत नेमकं उलट: केंद्रक हिरवंगार, भोवताल फिका. बाहेरचा निरोप जनुकांच्या दारापर्यंत पोहोचला, हे डोळ्यांनी दिसतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही नवा विद्यार्थी आला की मी त्याला पहिला प्रयोग हाच करायला सांगते.

बहुतेक निरोप मात्र असे जागा बदलून कळत नाहीत. प्रथिन असतं तिथेच असतं, त्याच्या एखाद्या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा एक गट चढतो आणि ते जागं होतं. गट उतरला की पुन्हा शांत. चढवणारी विकरं म्हणजे कायनेज, उतरवणारी फॉस्फटेज. ही चढउतार शोधून काढल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना १९९२ चं नोबेल मिळालं. स्टॅट-३ हे संदेशवाहक प्रथिन घ्या. त्याचं वजन सुमारे ८८ हजार डाल्टन. त्याच्या ७०५ व्या जागेवरच्या टायरोसीनवर फॉस्फेट चढलं की वजनात भर पडते ८० डाल्टनची, म्हणजे हजारात एकाहूनही कमी. एवढ्याशा फरकावर पेशीचं वाढणं अवलंबून असतं आणि एवढाच फरक अँटीबॉडीने ओळखायचा असतो.

म्हणून या तंत्राचा आढावा घेताना माझी कसोटी एकच आहे. रंग किती झळाळतो हे दुय्यम. अँटीबॉडी नेमकं काय ओळखते हे मुख्य. झळाळीच्या बाबतीत ऐंशीहून अधिक वर्षांत आपण फार मोठा पल्ला गाठला. ओळखीची बाजू अजून लंगडी आहे.

सुरुवातीपासून सांगते. अल्बर्ट कून्स हे हार्वर्डचे तरुण डॉक्टर १९३९ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये होते. ऱ्हुमॅटिक तापात हृदयाच्या स्नायूंत ज्या बारीक गाठी होतात, त्यांत जंतूचे अंश असतात का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. शहरात पायी भटकताना त्यांना सुचलं, की अँटीबॉडीलाच दिसेल असा रंग जोडला तर ती जिथे चिकटेल ती जागा आपोआप कळेल. बोस्टनला परतल्यावर रसायनतज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी न्यूमोकॉकस जंतूविरुद्धच्या अँटीबॉडीला अँथ्रासीनचा एक रंग जोडला आणि १९४१ मध्ये ते काम छापलं. जंतू निळे चमकले. अडचण अशी, की अतिनील प्रकाशात शरीरातल्या ऊतीही स्वतः निळसर चमकतात. त्या चमकेत अँटीबॉडीची चमक हरवून जाई. मग कून्स हिरव्या फ्लुओरेसीनकडे वळले. ते अँटीबॉडीला जोडायचं रसायन बनवायला तेव्हा फॉस्जीन लागे, म्हणजे पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला विषारी वायू, आणि बनवलेलं रसायन टिकतही नसे. १९५८ मध्ये रिग्ज आणि सहकाऱ्यांनी फ्लुओरेसीनचं आयसोथायोसायनेट रूप वापरात आणलं. ते बाटलीत टिकत होतं. एफआयटीसी या नावाने ते जगभर पसरलं आणि आजही प्रत्येक प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये सापडतं.

एफआयटीसी अँटीबॉडीच्या लायसीन या अमिनो आम्लांना जाऊन चिकटतं. एका अँटीबॉडीवर तीन ते सहा रेणू बसले की काम उत्तम होतं. जास्त चिकटवले तर चमक वाढायच्या ऐवजी घटते, कारण दाटीत रंगाचे रेणू एकमेकांचा प्रकाश गिळतात. शिवाय लक्ष्य पकडायच्या टोकावरच रंग बसला तर अँटीबॉडीची पकड सुटते. नवखे लोक इथे हमखास फसतात. एफआयटीसीचे आणखी दोन दोष आहेत: प्रखर प्रकाशात ते लवकर फिकं पडतं आणि आम्लता वाढली की मंदावतं. पुढच्या पिढीतल्या रंगांनी हे दोष बरेचसे काढले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अॅलन वॅगनर यांनी सायनीन वर्गातले सीवाय-३ आणि सीवाय-५ दिले. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये रिचर्ड हॉगलंड यांच्या कंपनीने अॅलेक्सा रंग काढले. ते नाव त्यांनी आपल्या मुलाच्या, अॅलेक्सच्या नावावरून ठेवलं. १९८२ मध्ये लाल शैवालातलं फायकोएरिथ्रिन आलं. खोल पाण्यातला अंधुक प्रकाश वेचायला शैवालाने घडवलेलं हे मोठं प्रथिन अँटीबॉडीला जोडलं की झळाळी कितीतरी पटींनी वाढते. अलीकडचे पॉलिमर रंग तर वीजवाहक प्लास्टिकच्या संशोधनातून आले, ज्यासाठी अॅलन हीगर आणि इतर दोघांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

मोजण्याचं यंत्रही याच काळात बदललं. स्टॅनफर्डचे लेनर्ड हर्झनबर्ग सूक्ष्मदर्शकाखाली चमकत्या पेशी एकेक करून मोजून थकले होते. पेशींची एकेरी रांग लेझरसमोरून न्यायची, प्रत्येकीची चमक टिपायची आणि हव्या त्या पेशी वेगळ्या करायच्या, हे यंत्र त्यांच्या गटाने १९६९ ते १९७२ च्या दरम्यान उभं केलं. आज त्याला आपण फ्लो सायटोमीटर म्हणतो. सेकंदाला हजारो पेशी त्यातून जातात. १९७५ मध्ये केंब्रिजला गेऑर्ग कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच घडणीच्या अँटीबॉडी अखंड बनवणाऱ्या संकरित पेशी तयार केल्या. मिलस्टाइन यांच्याकडे पाहुणे संशोधक म्हणून गेलेल्या हर्झनबर्ग यांनीच त्या पेशींना हायब्रिडोमा हे नाव दिलं. १९८४ चं नोबेल कोलर, मिलस्टाइन आणि नील्स येर्ने यांना मिळालं.

रंग आला, यंत्र आलं, अँटीबॉडीचा अखंड पुरवठा आला. फॉस्फेट ओळखणारी अँटीबॉडी मात्र अजून यायची होती.

त्या गोष्टीचा आरंभ एका शिळ्या द्रावणातून झाला. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत टोनी हंटर विषाणूच्या एका प्रथिनावर कोणत्या अमिनो आम्लाला फॉस्फेट लागतं ते तपासत होते. तोवर फक्त सेरीन आणि थ्रिओनीन ही दोन ठाऊक होती. त्यांनी ताजं द्रावण न बनवता जुनंच वापरलं. वापरून वापरून त्याची आम्लता थोडी वाढली होती, पीएच १.९ ऐवजी १.७ झाला होता. त्या फरकामुळे एरवी थ्रिओनीनच्या ठिपक्यात लपून जाणारा तिसराच ठिपका वेगळा दिसला. तो टायरोसीनचा होता. सर्वसाधारण पेशीतल्या फॉस्फेटधारी अमिनो आम्लांपैकी टायरोसीनचा वाटा दोन हजारांत एकाच्या आसपास. इतकं दुर्मीळ काही शोधायचं तर ते निवडून उचलणारी अँटीबॉडीच हवी. १९८१ मध्ये रॉस, आयझेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी फॉस्फोटायरोसीन ओळखणारी अँटीबॉडी दिली.

पण ती अँटीबॉडी कोणत्याही प्रथिनावरचं फॉस्फोटायरोसीन ओळखे. ठरावीक प्रथिनाच्या ठरावीक जागेवरचं फॉस्फेट ओळखायला वेगळी युक्ती लागली, आणि ती फार सुंदर आहे. त्या जागेभोवतीच्या दहापंधरा अमिनो आम्लांचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवतात, नेमक्या जागी फॉस्फेट लावून. इतका छोटा तुकडा सशाच्या शरीराला धोक्याचा वाटत नाही, म्हणून तो एका समुद्री गोगलगाईच्या रक्तातल्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. काही आठवड्यांनी रक्तद्रव काढतात. त्यात हव्या त्या अँटीबॉडी असतात, आणि फॉस्फेट नसलेल्या तुकड्यालाही चिकटणाऱ्या नकोशा अँटीबॉडीही असतात. रक्तद्रव आधी बिनफॉस्फेटच्या तुकड्यांनी भरलेल्या नळीतून सोडतात. नकोशा तिथे अडकतात. वाहून आलेला भाग फॉस्फेटवाल्या तुकड्यांच्या नळीतून नेतात. हव्या त्या तिथे धरल्या जातात. पीठ चाळून कोंडा काढावा तसं. त्या चाळणीला एखादं भोक मोठं राहिलं, की पुढच्या प्रत्येक चित्रात त्याचा कोंडा दिसत राहतो.

प्रत्यक्ष टेबलावरचं काम आणखी नाजूक असतं. इजीएफ हे वाढीचं प्रथिन दिल्यावर एर्क या संदेशवाहकावर पाच ते दहा मिनिटांत फॉस्फेट चढतं आणि मग ओसरतं. पेशी इन्क्युबेटरमधून काढून टेबलावर ठेवून फोन घ्यायला गेलात, तर परत येईस्तोवर निरोप देऊन झालेला असतो. म्हणून ठरल्या क्षणाला फॉर्मल्डिहाइड घालून सगळं गोठवावं लागतं. मग पेशीपटलाला आणि केंद्रकाला भोकं पाडायला बर्फासारखं थंड मेथॅनॉल. त्याने स्टॅटसारख्या प्रथिनांमधली आत दुमडलेली फॉस्फेटची जागाही उघडी होते. पण तेच मेथॅनॉल फायकोएरिथ्रिनची घडी मोडतं आणि त्याची चमक संपते. पेशीच्या पृष्ठभागावरचे रेणू आधी फायकोएरिथ्रिनने रंगवले आणि मग मेथॅनॉल घातलं, तर रंगकाम वाया जातं. अनाठायी चिकटणं रोखायला पुष्कळ प्रयोगशाळांत दुधाची पावडर वापरतात. फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटीबॉडीसोबत ती टाळायची, कारण दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फेटने लगडलेलं प्रथिन आहे. तिथे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन घ्यायचं. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती; तीन महिने घालवून ती मी शिकले.

एवढं सांभाळायचं कशासाठी, याचं उत्तर बेडकाच्या अंड्यांनी दिलं. १९९८ मध्ये जेम्स फेरेल यांनी दाखवलं, की प्रोजेस्टेरोनची मधली मात्रा दिली तर अंड्यांच्या पूर्ण गटात मॅप कायनेज, म्हणजे एर्कच्या कुळातलं विकर, निम्मं जागं झाल्यासारखं दिसतं, पण प्रत्येक अंडं वेगळं तपासलं तर काहींत ते पूर्ण जागं असतं आणि काहींत अजिबात नाही. निम्मं जागं असं एकही अंडं जवळपास सापडत नाही. पेशी एकत्र कुटून, त्यांचा अर्क काढून मोजणाऱ्या जुन्या पद्धतीत ही गोष्ट कायमची लपून राहिली असती. फेरेल यांनी अंडी एकेक करून तपासली, कारण बेडकाचं अंडं मोठं असतं. माणसाच्या पेशीइतकी लहान वस्तू एकेक करून तपासायची तर चमकती अँटीबॉडी आणि फ्लो सायटोमीटर हाच मार्ग.

२००२ मध्ये स्टॅनफर्डचे ओमर पेरेझ आणि गॅरी नोलन यांनी एकाच पेशीत अनेक फॉस्फोप्रथिनं एका वेळी मोजून दाखवली. २००४ मध्ये त्याच गटाने तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या रुग्णांच्या पेशींना निरनिराळी वाढप्रथिनं देऊन त्यांचा प्रतिसाद टिपला. पेशी शांत असताना जे फरक दिसत नव्हते, ते डिवचल्यावर दिसले, आणि केमोथेरपीला कोण कसा प्रतिसाद देईल याच्याशी ते जुळले. मला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वात महत्त्वाचा वाटतो. पेशी काय आहे यापेक्षा ती उत्तर काय देते, हे त्याने विचारलं. २००५ मध्ये याच मोजणीतून कॅरेन सॅक्स आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या टी-पेशींमधल्या ११ संदेशरेणूंचा जोडनकाशा संभाव्यतेच्या गणिताने तयार केला. शेकडो शोधनिबंधांत विखुरलेली माहिती त्या गणिताने केवळ चमकेच्या आकड्यांवरून पुन्हा मांडली, आणि एर्ककडून एकेटी या दुसऱ्या कायनेजकडे जाणारी एक वाट सुचवली. नंतर प्रयोगाने ती खरी ठरली. लहान मुलांना होणाऱ्या जेएमएमएल या दुर्मीळ रक्तकर्करोगात पेशी जीएम-सीएसएफ या वाढप्रथिनाच्या अगदी कमी मात्रेलाही स्टॅट-५ वर फॉस्फेट चढवून प्रतिसाद देतात, हे २००८ मध्ये दिसलं, आणि निदानाला एक नवी खूण मिळाली.

हीच युक्ती इजा मोजायलाही कामी येते. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एच२एएक्स या प्रथिनाच्या १३९ व्या जागेवर काही मिनिटांत फॉस्फेट चढतं आणि केंद्रकात ठिपके उमटतात. ठिपका जवळपास एका तुटीमागे एक. किरणोत्साराने किती इजा केली हे त्यामुळे अक्षरशः मोजता येतं.

मर्यादाही आहेत. अँटीबॉडी सुमारे दीड लाख डाल्टनची, जिवंत पेशीच्या पटलातून ती आत शिरत नाही. म्हणून आपण पाहतो ते स्थिर केलेल्या, मेलेल्या पेशींचे फोटो असतात. निरोपाचा चलच्चित्रपट पाहायचा तर जिवंत पेशीत बनणारी चमकती प्रथिनं लागतात. त्या रस्त्याला २००८ चं नोबेल मिळालं. दुसरी मर्यादा रंगांची. एफआयटीसीचा प्रकाश शेजारच्या फायकोएरिथ्रिनच्या खिडकीत सांडतो आणि गणिताने तो वजा करावा लागतो. पूर्ण वर्णपट टिपणाऱ्या नव्या यंत्रांवर २०२० पर्यंत एका नळीत ४० रंग शक्य झाले. रंगांऐवजी जड धातू जोडणारी पद्धत २००९ पासून आहे, पण ती सावकाश चालते आणि पेशी जळून जाते. काचपट्टीवर काही रंग लावायचे, फोटो काढायचा, रंग पुसायचे आणि पुन्हा दुसरे लावायचे, अशा आवर्तनांनी एकाच ऊतीत चाळीसेक प्रथिनं पाहता येऊ लागली. साधा सूक्ष्मदर्शक २०० नॅनोमीटरखालचं वेगळं करू शकत नाही. २००६ पासूनच्या अतिसूक्ष्म पद्धती २० नॅनोमीटरपर्यंत गेल्या. तिथे अँटीबॉडीचाच आकार आड येतो. ती सुमारे दहा नॅनोमीटर लांब, तिच्यावर दुसरी चमकती अँटीबॉडी बसवली की रंग लक्ष्यापासून आणखी दूर. उंटवर्गीय प्राण्यांच्या अँटीबॉडीपासून मिळणारे १५ हजार डाल्टनचे छोटे तुकडे त्यासाठी वापरतात.

आता लंगडी बाजू. काही वर्षांपूर्वी फॉस्फो-एकेटीची सशाची अँटीबॉडी आमच्याकडे उत्तम चालत होती. कुपी संपली, तीच पुन्हा मागवली, नाव आणि कॅटलॉग क्रमांक तोच. नव्या कुपीने केंद्रकातही झगझगीत रंग आला, जिथे तो आधी कधीच नव्हता. फॉस्फटेज वापरून फॉस्फेट काढून टाकलं तरी तो रंग जाईना. म्हणजे ती दुसरंच काहीतरी ओळखत होती. ससा बदलला होता. आम्ही ते पकडलं, कारण फॉस्फटेजची नळी शेजारी लावलेली होती. ती नसती, तर कदाचित एकेटी केंद्रकात जातो असा निबंध आम्ही लिहिला असता आणि तो छापूनही आला असता.

हे आमच्यापुरतं नव्हतं. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक सहीकर्त्यांसह 'नेचर'मध्ये लिहिलं, की निकृष्ट अँटीबॉडींवर जगभर वर्षाला सुमारे ८० कोटी डॉलर वाया जात असावेत. २०२३ मध्ये मॉन्ट्रियलच्या वायकॅरॉस गटाने मेंदूसंशोधनाशी संबंधित ६५ प्रथिनांवरच्या ६१४ विक्रीतल्या अँटीबॉडी तपासल्या. तपासायची रीत सरळ होती: ते प्रथिन जनुकातूनच काढून टाकलेल्या पेशींत रंग नाहीसा होतो की नाही. निम्म्याहून अधिक अँटीबॉडी एका किंवा अनेक चाचण्यांत नापास झाल्या. मागे वळून पाहिलं तर दर प्रथिनामागे सरासरी १२ शोधनिबंधांत लक्ष्य न ओळखणारी अँटीबॉडी वापरलेली निघाली. पात्रात जनुकापासून बनवलेल्या पुनःसंयोजित अँटीबॉडी सर्वांत सरस ठरल्या. त्यांचा क्रम लिहून ठेवलेला असतो. ससा मेला तरी त्या बदलत नाहीत.

आणि ही आकडेवारी आख्ख्या प्रथिनांची आहे. फॉस्फेट ओळखण्याची परीक्षा याहून कठीण, कारण तिथे प्रथिन असणं आणि प्रथिन जागं असणं या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात. २०१६ मध्ये माथियास ऊलेन यांच्यासह अनेकांनी पडताळणीचे पाच मार्ग मांडले. जनुक काढून पाहणं हा त्यातला सर्वांत भक्कम आहे, पण फॉस्फेटच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न खिशाशी अधिक जोडलेला आहे. पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवतं. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या प्रयोगशाळेत रक्तकर्करोगाच्या उरलेल्या पेशी बहुरंगी फ्लो सायटोमीटरवर शोधतात. हात आणि यंत्रं आपल्याकडे आहेत. पण अँटीबॉडीची कुपी बहुतेकदा परदेशातून बर्फात येते, महाग पडते, आणि ती एकच असल्यामुळे पडताळणीवर खर्च करायला जीव होत नाही. मी ही अडचण जाणते. तरीही, महाग आहे म्हणूनच ती आधी तपासायला हवी असं मला वाटतं.

म्हणून जो विद्यार्थी उद्या फॉस्फो-अँटीबॉडीची पहिली कुपी उघडेल, त्याला एक विनंती. पहिला वापर आपल्या प्रश्नासाठी करू नका. पाच नळ्या लावा: न डिवचलेली पेशी, डिवचलेली पेशी, कायनेजचा अवरोधक देऊन डिवचलेली, डिवचून मग फॉस्फटेजने धुतलेली, आणि ते प्रथिनच नसलेली पेशी. रंग फक्त दुसऱ्या नळीत आला तर पुढे जा. आणि निबंध लिहाल तेव्हा अँटीबॉडीचा क्लोन, लॉट क्रमांक, मात्रा आणि या पाचही नळ्यांची चित्रं छापा.